पाडकामातल्या काँक्रीटची खडी वापरून बांधलेली सांडपाण्याची टाकी सल्फेट आणि आम्लापुढे टिकेल का?

टिकू शकते, पण सगळी खडी पाडकामातली घालून मी ती बांधणार नाही. आणि सल्फेट (पाण्यात, मातीत विरघळलेले गंधकाचे क्षार) व आम्ल हे दोन वेगळे शत्रू आहेत, त्यांचा विचारही वेगवेगळा करा.

दोष जुन्या दगडाचा नसतो, त्याला चिकटून राहिलेल्या जुन्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा असतो. साधी खडी एक-दोन टक्के पाणी पिते, तर ही खडी बऱ्याचदा ४ ते ८ टक्के. कोरडीच मिक्सरमध्ये टाकली की मिश्रणातलं पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो, मग कामगार वरून पाणी ओततात आणि काँक्रीट तिथेच बिघडतं. म्हणून खडी आधी भिजवून, पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच वापरा.

सल्फेट आत शिरलं की सिमेंटमधल्या ॲल्युमिनेट या घटकाशी त्याची क्रिया होऊन एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात. त्यांना जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुगतं आणि तडकतं. यावर इलाज आहे. पाणी-सिमेंट गुणोत्तर (पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन) ०.४५ च्या आत ठेवा, सल्फेटरोधक सिमेंट घ्या किंवा सिमेंटचा काही भाग स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) वा कमी कॅल्शियमच्या फ्लाय ॲशने (वीज केंद्रातली कोळशाची राख) बदला. ही द्रव्यं सिमेंटमधून सुटणारा मोकळा चुना वापरून टाकतात आणि छिद्रं बारीक करतात. मात्र त्यांचं काम सावकाश चालतं, क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देण्याला) घाई केलीत तर फायदा हातचा जातो.

एक गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. राडारोड्यात जिप्समचं प्लास्टर मिसळलेलं असेल, तर सल्फेट आतच येऊन बसतं, मग बाहेरून कितीही अडवा. खडी घेण्याआधी तिच्यातलं सल्फेट आणि क्लोराइड तपासून घ्याच. टाकीत सळया आहेत, क्लोराइडने त्या गंजतात.

आम्लाचं गणित निराळं. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो आणि पाण्याच्या पातळीवरच्या ओल्या भिंतींवर व छतावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. ते सिमेंटचा बांधणारा भागच खाऊन टाकतं, त्यामुळे तिथे खडी नवी की जुनी याने फारसा फरक पडत नाही. वरच्या भागाला एपॉक्सीचा लेप किंवा एचडीपीई या टणक प्लास्टिकचं अस्तर द्या आणि वायू बाहेर जायला वाट ठेवा.

मी जाड खडीपैकी २० ते ३० टक्केच जुनी घेईन, पाडकामातली बारीक वाळू अजिबात नाही. आणि ओतकामाआधी त्याच मिश्रणाचे नमुने, नव्या खडीच्या नमुन्यांसोबत, सल्फेटच्या द्रावणात ठेवून किती फुगतात ते सहा महिने मोजत राहीन.