घरात बसून वाद घालता येईल अशा कादंबऱ्या कोणत्या?

तुम्ही विचारलं आहे की घरातली पाच जणं मिळून दर महिन्याला एक कादंबरी वाचणार आहात, त्यात सोळा वर्षांची मुलगीही आहे, तर कुटुंबात आणि समाजात नैतिक पेच उभा करणाऱ्या, लोकांनी भरभरून वाचलेल्या कादंबऱ्या कोणत्या. उपदेश करणाऱ्या नकोत आणि वाचून झाल्यावर घरात वाद रंगला पाहिजे, असंही म्हटलं आहे.

वादाची अट मला फार आवडली, कारण तीच खरी चाळणी आहे. नैतिक पेचाची म्हणून नावाजलेली पुष्कळ पुस्तकं प्रत्यक्षात धैर्याची गोष्ट सांगतात. बरोबर काय आणि चूक काय हे वाचकाला सुरुवातीलाच कळलेलं असतं, नायकाला ते झेपेल का एवढंच पाहायचं उरतं. अशी पुस्तकं वाचताना डोळे भरून येतात, पण वाद होत नाही, कारण घरातले सगळे एकाच बाजूला उभे असतात. पेच पडतो तो समोरच्याचंही बरोबर असलं की, किंवा निदान त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं वागलो असतो का, याची खात्री देता येत नाही तेव्हा.

हार्पर ली यांच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड'चं (१९६०) उदाहरण घेते. शेवट सांगावा लागणार आहे, तेव्हा ज्यांनी वाचली नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. सगळे बोलतात ते कोर्टातल्या खटल्याबद्दल. अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील टॉम रॉबिन्सन या निरपराध काळ्या माणसाचं वकीलपत्र घेतो आणि सगळा गाव त्याच्यावर उलटतो. प्रसंग मोठा आहे, पण अ‍ॅटिकसला पेच पडलेला नाही, काय करायचं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्याला पेच पडतो तो शेवटच्या प्रकरणांत, स्वतःच्या घराच्या ओसरीवर. मुलांवर हल्ला करणारा बॉब युवेल मेला आहे. अ‍ॅटिकसला वाटतं ते आपल्या जेमच्या हातून झालं, आणि तो लगेच कोर्टात उभं राहण्याची भाषा करू लागतो. गावात एक आणि घरात एक असं वागलो तर मुलांच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही, हे त्याचं म्हणणं. शेरीफ मात्र एकच वाक्य धरून बसतो की बॉब स्वतःच्याच सुरीवर पडला. हळूहळू अ‍ॅटिकसच्या लक्षात येतं की शेरीफ जेमला वाचवत नाहीये, तो बू रॅडलीला वाचवतोय. बू म्हणजे वर्षानुवर्षं घराबाहेर न पडलेला, माणसांना बिचकणारा शेजारी, ज्याने मुलांचा जीव वाचवला. अख्खं पुस्तकभर कायद्यासाठी झगडलेला हा माणूस अखेर एका खोट्याला मान तुकवतो. आणि ते त्याला पटवून देते त्याची लहानगी मुलगी, स्काउट. हे त्याने बरोबर केलं का? टॉमच्या बाबतीत सगळ्या गावासमोर सत्य मांडायचं आणि बूच्या बाबतीत चार जणांत मिटवायचं, हे एकाच तत्त्वात बसतं का? माझ्या मते बसतं, पण मी हे ज्यांच्यापाशी बोलले त्यांतल्या निम्म्यांना ते मान्य नव्हतं. तुमच्या घरातल्या मुलीलाही हे पुस्तक सहज वाचता येईल.

आता माझ्या यादीतलं सगळ्यात वरचं पुस्तक, चिनुआ अचेबे यांचं 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८). नायजेरियातल्या इग्बो समाजाची ही कादंबरी लहानशी आहे, पण कुटुंब आणि समाज यांच्यातला ताण इतक्या कमी पानांत इतका घट्ट बांधलेला मी दुसरीकडे वाचला नाही. शेजारच्या गावाने उमुओफिया या गावातल्या एका बाईचा जीव घेतला, त्याच्या भरपाईपोटी इकेमेफुना नावाचा मुलगा या गावाला दिला जातो. गाव त्याला कादंबरीचा नायक ओकोन्क्वो याच्या घरी ठेवतं. तीन वर्षं तो तिथे वाढतो, ओकोन्क्वोच्या मुलाचा, न्वोयेचा, थोरला भाऊ होऊन जातो, ओकोन्क्वोला बाप म्हणू लागतो. मग देवाचा कौल येतो की या मुलाला मारायचं. गावातला एक वयोवृद्ध माणूस ओकोन्क्वोला मुद्दाम सांगायला येतो: पोरगा तुला बाप म्हणतो, तू यात हात घालू नकोस. त्याने कौलाला विरोध केलेला नाही, हे लक्षात घ्या. तो एवढंच सांगतो की तू लांब राहा.

ओकोन्क्वो लांब राहत नाही. तुला तुझ्या घरी नेतोय असं सांगून माणसं मुलाला रानातून घेऊन निघतात, त्याच्या डोक्यावर ताडीचं मडकं असतं. पहिला घाव बसतो, मडकं फुटतं, आणि तो बापाला हाक मारत ओकोन्क्वोच्या दिशेने धावतो. ओकोन्क्वो कोयता उपसतो आणि त्याला स्वतः तोडतो. का, तर लोक आपल्याला कमकुवत म्हणतील या भीतीने. सगळ्या कादंबरीचा जीव मला या एका कारणात दिसतो. देवाने त्याला हे करायला सांगितलं नव्हतं, गावानेही नाही. समाजाचा दबाव म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, त्यातला किती समाजाचा आणि किती आपल्या मनातल्या भीतीचा, हे अचेबे कुठेही न बोलता समोर ठेवतात. पुढे त्याचा मित्र ओबिएरिका त्याला म्हणतो की माझ्या मुलाला मारायचा कौल आला असता तर मी वाद घातला नसता, पण मारायला हातही लावला नसता. आता यावर बोला. कौल मान्य करून घरी बसणारा ओबिएरिका निर्दोष आहे का? मला तो फार जवळचा वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या बोलण्याने मी अस्वस्थ होते, कारण चांगल्या घरातली बहुतेक माणसं आयुष्यभर नेमकं हेच करतात.

यानंतर लगेच यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' (मूळ कन्नड, १९६५) घ्या, म्हणजे दोन्हींची तुलना आपोआप होईल. एका अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, नारणप्पा मरतो. हयातभर त्याने सगळे नियम मोडले, मांस खाल्लं, दारू प्यायला, चंद्री नावाच्या खालच्या जातीतल्या बाईबरोबर राहिला. पण त्याला वाळीत टाकलं नव्हतं, कारण वाळीत टाकाल तर मुसलमान होईन अशी त्याची धमकी होती. म्हणजे तो ब्राह्मण म्हणूनच मेला. आता त्याला अग्नी कोण देणार? देणारा बाटेल, न द्यावा तर प्रेत पडून राहील, आणि प्रेत घरात असेपर्यंत अग्रहारात कुणाला जेवता येत नाही. सगळे अग्रहारातल्या विद्वान प्राणेशाचार्यांच्या तोंडाकडे बघतात, आणि आचार्य पोथ्या चाळत बसतात.

एवढं वाचून हा शास्त्रार्थाचा कोरडा प्रश्न वाटेल. मग चंद्री येते आणि अंत्यविधीच्या खर्चासाठी अंगावरचे दागिने काढून आचार्यांसमोर ठेवते. त्या क्षणापासून अग्रहाराचा नूर पालटतो. काल ज्यांना विटाळाची भीती होती त्यांनाच आज वाटू लागतं की नात्याने हा विधी आपल्याकडेच येतो. घराघरांतल्या बायका नवऱ्यांना टोचू लागतात. भूक, लोभ आणि धर्म एकमेकांत असे मिसळतात की कोण कशासाठी बोलतोय हे बोलणाऱ्यालाही सांगता येऊ नये. पोथीत उत्तर सापडत नाही म्हणून आचार्य मारुतीच्या देवळात जाऊन बसतात. तिथेही कौल मिळत नाही. इथे अचेबेंची आठवण होते. तिकडे कौल आला म्हणून माणूस मोडला, इकडे कौल येत नाही म्हणून मोडतो. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की पुस्तकात शरीरसंबंधाचे प्रसंग आहेत, ते कथेच्या गाभ्याशीच आहेत, तेव्हा मुलीला वाचायला देण्याआधी घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने वाचून घ्यावं. माझं मत विचाराल तर सोळाव्या वर्षी वाचायला हरकत नाही.

फक्त घराच्या चार भिंतींतला पेच हवा असेल तर जोडी पिको यांची 'माय सिस्टर्स कीपर' (२००४). तेरा वर्षांची अ‍ॅना आईवडिलांवर खटला भरते. तिचा जन्मच थोरल्या बहिणीला, केटला, जगवण्यासाठी झालेला आहे. केटला रक्ताचा कर्करोग आहे आणि अ‍ॅनाच्या शरीरातून आजवर वेळोवेळी काही ना काही घेतलं गेलं आहे. आता मूत्रपिंड द्यायची वेळ आली, आणि ती म्हणते, माझ्या शरीराचा निर्णय मी घेणार. पुस्तक खपाऊ आहे, काही ठिकाणी योगायोग ताणलेले आहेत, वकिलाचं प्रेमप्रकरण मला तर अनावश्यकच वाटलं. पण एक गोष्ट लेखिकेने फार विचाराने केली आहे. प्रत्येक जण आपापल्या तोंडून बोलतो, आणि बाकीच्यांची प्रकरणं त्या खटल्याच्या दिवसांतली असताना आईची प्रकरणं मात्र १९९० पासून, म्हणजे केटच्या आजाराचं निदान झालं तिथून सुरू होतात. त्यामुळे अ‍ॅनाच्या बाजूने मन पक्कं होतंय तोवर आईचं प्रकरण येतं, आणि दोन वर्षांच्या लेकीचे रिपोर्ट हातात घेऊन उभी असलेली बाई दिसते. त्या वेळी तिने काय करायला हवं होतं, हे सांगून बघा.

हीच रीत वि. स. खांडेकरांनी 'ययाति'मध्ये (१९५९) कितीतरी आधी वापरली आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघं आपापली बाजू स्वतः मांडतात. बाप मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो आणि पुरू ते देतो, हा प्रसंग आपण लहानपणी पितृभक्तीची गोष्ट म्हणून ऐकलेला असतो. अ‍ॅनाच्या खटल्याला लागून वाचलात तर तो तसा राहत नाही. मुलाने स्वतःहून दिलं म्हणून बापाचं मागणं माफ होतं का, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. खांडेकरांची अलंकारिक भाषा आजच्या मुलांना जड जाते. तिथे मोठ्याने वाचून दाखवणं कामी येतं, कारण ती गद्याची लय कानाला गोड आहे.

एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष' उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात मिळते. विधवा सून कात्यायनी पुन्हा लग्न करते, मुलगा आजोबांच्या घरी राहतो, आणि ज्या वंशासाठी आजोबा श्रीनिवास श्रोत्रिय आयुष्यभर जगले त्या वंशाबद्दलच त्यांना उतारवयात काही कळतं. श्रोत्रियांना खलनायक करणं भैरप्पांना अगदी सोपं होतं आणि ते त्यांनी केलेलं नाही, म्हणून कात्यायनीची बाजू घेताना आपल्याला खरंच काहीतरी गमवावं लागतं. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' मला मनापासून प्रिय आहे, यमूच्या तोंडून ऐकलेलं ते घर विसरता येत नाही. पण तुमच्या कसोटीला ती उतरणार नाही. तिथे अन्याय इतका उघड आहे की घरात वाद होण्याऐवजी सगळे गप्प होतील.

कोणत्या क्रमाने वाचायच्या तेही सांगते: आधी 'मॉकिंगबर्ड', मग 'माय सिस्टर्स कीपर' आणि 'ययाति' लागोपाठ, मग अचेबे, मग 'संस्कार', आणि निवांत वेळ असेल तेव्हा 'वंशवृक्ष'. शक्य असेल तर पुस्तक संपायची वाट न पाहता निर्णयाच्या अलीकडच्या पानावर सगळ्यांनी थांबा आणि आपण काय केलं असतं ते प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवा. पूर्ण वाचून झाल्यावर आपण आधीपासूनच तसं म्हणत होतो असं प्रत्येकालाच वाटू लागतं. आणि 'माय सिस्टर्स कीपर'वरचा २००९ चा चित्रपट आधी कुणाला पाहू देऊ नका. त्यात शेवट बदलला आहे, आणि तुमच्या घरचा निम्मा वाद त्या शेवटावरूनच होणार आहे.