भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरून सुचलेला, लिंबू-संत्र्याचा आणि फुलांचा 'युनिसेक्स' परफ्यूम ठाण्याच्या घामात टिकेल का?

तुम्ही लिहिलंय की घोडबंदर रोडला राहता, ऑफिस ऐरोलीला आहे, नवरा-बायकोत मिळून एकच बाटली घ्यायचीय आणि तिचा वास दिवसभर टिकला पाहिजे.

दिवसभर नाही टिकणार. तरी घ्या असंच मी म्हणेन, फक्त टिकण्याच्या आशेवर घेऊ नका.

संत्रं सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो आणि डोळ्यांत गेला की झोंबतो, तोच या बाटलीतला पहिला वास. सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं आणि ते भुर्रकन उडतं, बाटली कितीही महाग असो. संत्र्याच्या जोडीला बहुधा बर्गमॉटही असतं, इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकणारं लिंबाच्या कुळातलं फळ. जगातलं बहुतेक बर्गमॉट तिथलंच. अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर हा वास ओळखीचा निघेल.

फुलांचा भाग म्हणजे बहुधा नेरोली, कडू संत्र्याच्या फुलांचं तेल. टनभर फुलं गाळली की जेमतेम किलोभर तेल हाती येतं, त्यामुळे स्वस्त बाटलीत खरं नेरोली शोधत बसू नका. मी पहिल्यांदा हुंगलं तेव्हा मला भूमध्य समुद्र वगैरे काही दिसला नाही. आमच्या गावच्या न्हाणीघरामागे, सांडपाण्यावर वाढलेलं लिंबाचं झाड होतं. ते फुलल्यावर सकाळी तोंड धुताना जो वास यायचा, अगदी त्याच्या सख्ख्या भावासारखा.

आणि खरं सांगू? तुम्हीही हे लहानपणी हुंगलं असणार. ताप चढला की आई कपाळावर युडीकोलनच्या घड्या ठेवायची ना? युडीकोलन म्हणजे 'कोलोनचं पाणी', आणि त्याचं मूळ 1709 सालातलं. जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिना नावाच्या इटालियन माणसाच्या घराण्याने धंदा सुरू केला. आपलं अत्तर इटलीतल्या वसंतातल्या सकाळची आठवण देतं, असं त्याने भावाला पत्रात कळवलं होतं. म्हणजे 'किनाऱ्याची आठवण' विकायला तीनशे वर्षं झाली. ते पाणी तेव्हा बायका-पुरुष दोघंही वापरायचे. 'युनिसेक्स' हे लेबल नंतरचं. आपल्याकडे तरी लग्नात अत्तर लावताना बाईचं वेगळं नि बाप्याचं वेगळं कुठे असतं?

आता घ्यायचं कसं? मॉलमध्ये कागदाच्या पट्टीवर हुंगून पैसे देऊ नका. टेस्टर मनगटावर मारा, चोळू नका, आणि तडक बाहेर पडा. ठाणे स्टेशनचा पूल चढा, ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभे राहा, ऐरोलीला उतरल्यावर मनगट नाकाशी न्या. संत्रं बहुतेक गेलेलं असेल. मागे जे राहील, कस्तुरीसारखं, लाकडासारखं, थोडं गोडसर, तोच तुमचा उरलेला दिवस. तो तळाचा वास दोघांना आवडला तरच घ्या. अंगापेक्षा सुती कपड्यावर जरा जास्त राहतो, पण पांढऱ्या शर्टावर डाग पडतो की नाही ते आधी आतल्या शिवणीवर बघा. मी रिकाम्या छोट्या स्प्रेत थोडा भरून बॅगेत ठेवतो आणि जेवणानंतर पुन्हा मारतो.

एक मूर्खपणा मात्र करू नका, मी केला होता. घरीच परफ्यूम बनवू म्हणून बर्गमॉटचं शुद्ध तेल आणलं, हाताला फासलं आणि पाम बीच रोडला भर उन्हात सायकल मारली. या तेलातला बर्गाप्टेन नावाचा घटक उन्हाशी मिळून कातडी भाजतो, हे नंतर कळलं. हातावरचा काळपट डाग कित्येक महिने तसाच होता.

बाटली कपाटात, अंधारात ठेवा, गाडीच्या डॅशबोर्डवर नको.

आणि टेस्टर मारून घरी गेलात की बायकोला न सांगता मनगट हुंगायला द्या. 'ताप आलाय का?' असं तिने विचारलं, तर दुसरी बाटली शोधा.