अहवालावर लागणीची तारीख नसते

प्रश्न : माझे वय ३८ असून लग्नाला चौदा वर्षे झाली आहेत. तपासणी शिबिरात माझा ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ असा अहवाल आला. ही लागण शरीरसंबंधातून होते असे समजल्यापासून आम्हा नवरा-बायकोत अबोला आहे. माझ्या आयुष्यात दुसरे कोणी नव्हते आणि तेही तसेच सांगतात. मग हे आले कुठून? मला कॅन्सर झाला आहे का? आमच्या अकरा वर्षांच्या मुलीला लस द्यावी का?

उत्तर : या अहवालाचा अर्थ कॅन्सर झाला आहे असा होत नाही. एचपीव्ही हे दोनशेहून अधिक विषाणूंचे कूळ आहे. त्यांतील ६ आणि ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात, तर १६ आणि १८ हे प्रकार गर्भपिशवीच्या तोंडाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरच्या मुळाशी असतात. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडून राहतो, त्यांच्यातही कॅन्सर व्हायला साधारणपणे पंधरा-वीस वर्षे लागतात.

ही लागण लैंगिक संपर्कातून होते, हे खरेच आहे. मात्र त्यासाठी पूर्ण संबंध यावा लागतो असे नाही, त्वचेचा त्वचेला झालेला स्पर्शही पुरतो, आणि म्हणूनच निरोधने धोका कमी होतो पण टळत नाही. शिवाय हा विषाणू कोणतेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे दबून राहतो आणि पुढे कधीतरी तपासणीत सापडतो. तो कधी आला आणि कोणाकडून आला, हे सांगणारी तपासणी जगात कुठेही नाही. तेव्हा या कागदावरून तुम्ही त्यांची किंवा त्यांनी तुमची झडती घेऊ नये. अबोल्यापायी पुढची तपासणी राहून जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

ती तपासणी साधी असते. सौम्य केलेल्या ॲसेटिक ॲसिडमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखाला लावून मिनिटभर थांबतात; पेशी बदलल्या असतील तर तेवढा भाग पांढरा दिसतो. अहवालात १६ किंवा १८ हा प्रकार असेल, तर थेट दुर्बिणीतून, म्हणजे कॉल्पोस्कोपीने पाहतात. बदल आढळला तरी तो कॅन्सर होण्याआधीच, बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागातच काढता येतो. काहीही आढळले नाही तर वर्षभराने पुन्हा तपासावे. संबंधानंतर किंवा पाळी नसताना रक्त जात असेल, तर मात्र वाट पाहू नये.

याचा पुरावा आपल्याच उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला आहे. तिथल्या खेड्यांतील १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही तपासणी एकदाच झाली होती, त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

मुलीला लस जरूर द्यावी. ९ ते १४ हे तिचे उत्तम वय, कारण विषाणूशी गाठ पडण्यापूर्वी दिलेली लसच पुरता उपयोग करते. पुण्यात तयार झालेली सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. ती वरील चारही प्रकारांपासून संरक्षण देते. तुमच्या आताच्या लागणीवर लशीचा परिणाम होत नाही, आणि लस घेतली तरी मुलीला तिशीनंतर तपासणी करावीच लागेल.