पाच इंजेक्शनं झाली, तरी डोळ्यातलं पाणी का हटत नाही?

प्रश्न: आईचं वय 72. डाव्या डोळ्याला ओल्या प्रकारचं मॅक्युलर डिजनरेशन आहे (दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली, म्हणजे मॅक्युलाखाली, नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाणी गळतं). आठ महिन्यांत पाच इंजेक्शनं झाली, तरी ओसीटीत (दृष्टिपटलाच्या स्कॅनमध्ये) पाणी दिसतं आणि वाचता येत नाही. आता महागडं औषध घ्यावं का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: औषध बदलण्याआधी तारखा कागदावर मांडा. ही गळती थांबवणाऱ्या इंजेक्शनांचा परिणाम साधारण महिनाभर टिकतो. म्हणून पहिली तीन इंजेक्शनं चार-चार आठवड्यांनी देतात आणि पाणी आटल्यावरच अंतर हळूहळू वाढवतात. पाणी असतानाच मध्ये दोन महिने गेले असतील, आणि उन्हाळ्यात, लग्नसराईत असं हमखास होतं, तर दोष औषधाला देता येणार नाही.

तारखा नियमित असतील तर डॉक्टरांना विचारा, पुढच्या इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी एक जादा ओसीटी करता येईल का? तेव्हा पाणी कमी आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा भरलेलं दिसलं, तर औषध लागू होतंय, पण लवकर ओसरतंय. अशा वेळी अंतर कमी करणं किंवा अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅबसारखं जास्त टिकणारं औषध घेणं योग्य ठरतं. दोन आठवड्यांनीही काडीचा फरक नसेल, तर पैसे आधी निदान पुन्हा तपासण्यावर खर्च करा.

आशियाई लोकांत पॉलिपॉइडल कोरॉयडल व्हॅस्क्युलोपथी, म्हणजे पीसीव्ही, बरीच आढळते. यात दृष्टिपटलाखालच्या रक्तवाहिन्यांना फुगे येतात. वरवर चित्र ओल्या डिजनरेशनसारखंच असतं. खात्री होते ती शिरेतून हिरवा डाय देऊन केलेल्या आयसीजी अँजिओग्राफीत (आयोडीनची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगा). नुसत्या इंजेक्शनाने फुगे बंद होत नसतील तर सोबत फोटोडायनॅमिक थेरपी देतात: व्हर्टेपोर्फिन शिरेतून आणि त्यावर सौम्य लेसर. त्यानंतर पाच दिवस थेट ऊन टाळावंच लागतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात तारीख ठरवताना घरी परतण्याची वेळसुद्धा ठरवा. ही सोय सगळीकडे नसते, आधी चौकशी करा.

दुसरी शक्यता सीएससीची, म्हणजे सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी या दृष्टिपटलाखाली पाणी साचण्याच्या आजाराची. तिथे पाणी गळण्याचं कारण वेगळं असतं आणि स्टेरॉइडने ते वाढतं. आई दम्याचा पंप, नाकातला स्प्रे, त्वचेचं मलम किंवा गुडघेदुखीची नाव नसलेली पुडी घेत असतील तर डॉक्टरांना सगळं सांगा. पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. मात्र पंप किंवा बरेच दिवस चाललेली पुडी, काहीच आपल्या मनाने अचानक बंद करू नका.

वाचता न येण्याचं कारण नेहमी पाणीच असतं असं नाही. मॅक्युलाखाली व्रण झाला किंवा तिथल्या प्रकाशपेशी मेल्या, की पाणी आटूनही अक्षर उमटत नाही. जुन्या व्रणाशेजारी ओसीटीत काही वेळा काळ्या गोल पोकळ्या दिसतात. त्या पाणी समजून इंजेक्शनं चालू ठेवली जातात, आणि त्या हटत नाहीत. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: हे खरंच पाणी आहे का, आणि असेल तर दृष्टिपटलाच्या आत आहे की खाली? आतलं जास्त घातक. खालचं थोडं पाणी राहून नजर स्थिर असेल, तर ते काही वेळा चालवून घेतात.

मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा मिहानच्या एम्सला दुसरं मत घ्यायला जाताना नुसता शेवटचा रिपोर्ट नेऊ नका. पहिल्या दिवसापासूनचे सगळे ओसीटी, इंजेक्शनांच्या तारखा आणि औषधांची नावं सोबत असू द्या. इंजेक्शननंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.