नाव झाकून वाच

प्रिय पोरी,

पत्र वाचायच्या आधी मी त्यासोबतचा तक्ता उघडला आणि तिथेच माझं डोकं फिरलं. 22 मुलं, 22 नावं, गुणांच्या उतरत्या क्रमाने. अगं, मी कोण त्या मुलांची? मी निवृत्त बाई, त्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नाही, आणि गणितात सगळ्यात खाली कोण आहे हे आता मला ठाऊक झालं. तू ते सहज पाठवलंस. सगळे सहजच पाठवतात.

आणि तुझा प्रश्न काय, तर ‘पालकांच्या पत्रकात नावांऐवजी हजेरी क्रमांक छापले तर चालेल का, बाई?’ रोज सकाळी वर्गात मोठ्याने हजेरी होते ना? मग 22 जणांच्या वर्गात 14 नंबर कोण हे शेवटच्या बाकावरचं पोरही झोपेत सांगेल. हा पडदा तू मुलांसाठी नाही, स्वतःच्या मनासाठी लावते आहेस.

निकाल मुलाचा असतो. तो शाळेचा नाही, व्यवस्थापनाचा नाही, तुझाही नाही. मूल तो विश्वासाने आपल्याकडे ठेवतं. आपण तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसतो.

हे मला कुणी शिकवलं नाही, एका मुलाच्या अंगठ्याने शिकवलं. उपमुख्याध्यापक झाल्याचं पहिलंच वर्ष होतं. सहामाहीचा निकाल मी शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिला आणि आमच्या कॅथलिक शाळेच्या चॅपलच्या दाराशेजारच्या फलकावर लावला. पहिल्या तिघांखाली हिरवी रेघ, शेवटच्या पाचांखाली तांबडी. दुसऱ्या दिवशी पाहते तर 31व्या ओळीवर निळा डाग. कुणीतरी अंगठा ओला करून नाव घासलं होतं. नाव पार फरकटलं होतं, पण पुढचे गुण जसेच्या तसे. कुणाचा अंगठा निळा आहे ते शोधायला मला दोन मिनिटं लागली. आणि मी काय केलं? प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर, शाळेची वस्तू खराब केली म्हणून त्याला रागावले. त्याच्या कंपासपेटीत कुपर्टिनोच्या सेंट जोसेफचं चित्र होतं. आम्हीच वाटलं होतं, परीक्षेआधी. अभ्यासात अगदी जेमतेम असलेला, तरीही 1767मध्ये संत म्हणून जाहीर झालेला, परीक्षार्थींचा पाठीराखा. परीक्षेआधी पोरांच्या हाती हा संत द्यायचा आणि परीक्षेनंतर त्याच पोरांखाली तांबडी रेघ मारायची, यातली विसंगती मला तेव्हा दिसलीसुद्धा नाही.

कुणी विचारलं असतं तर मी ठणकावून म्हटलं असतं, यात खोटं काय आहे? तुझे व्यवस्थापकही हेच म्हणाले ना? खोटं काहीच नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. दुसऱ्याचा खरा दोषसुद्धा, पुरेसं कारण नसताना, ज्यांना तो माहीत नव्हता त्यांना सांगणं हा त्याच्या नावलौकिकाविरुद्धचा अपराध आहे, असं कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या, 2477व्या परिच्छेदात आहे. 1983च्या कॅनन कायद्यातला, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातला, 220वा नियमही बघ. कुणाच्याही चांगल्या नावाला अन्यायाने धक्का लावायचा नाही आणि त्याच्या खासगीपणाच्या हक्कावर अतिक्रमण करायचं नाही. ‘प्रौढांच्या’ असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. आपण पोरांना धर्मशिक्षणाच्या तासाला ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आठवी आज्ञा शिकवतो आणि बाहेर येऊन फलक लावतो.

आता आकड्यांकडे येऊ. सहाव्याऐवजी नववा आला म्हणून तू एका मुलाची ‘घसरण’ झाली असं लिहिलंस आणि मला तुझी गणिताची पदवी आठवली. तुझी चाचणी 100 सरासरीची, 15 प्रमाण विचलनाची, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप 15. तिची विश्वासार्हता, म्हणजे पुन्हा घेतली तर गुण किती जुळतील याचं माप, 0.91. एक म्हणजे तंतोतंत, तेव्हा ही चांगलीच. चांगली असूनही मापनाची प्रमाण त्रुटी साडेचार गुणांची निघते, करून बघ. याचा अर्थ, तीच चाचणी त्या मुलाने पुन्हा पुन्हा दिली असती तर तीनपैकी साधारण दोनदाच त्याचे गुण त्याच्या खऱ्या पातळीच्या साडेचार गुण इकडेतिकडे पडले असते. तिसऱ्यांदा त्याहूनही लांब. तुझ्या तक्त्यातल्या सहाव्या आणि नवव्या मुलात अंतर किती? दोन गुण. ही घसरण नव्हे, श्वास आहे.

पर्सेंटाइलचंही तसंच. एक वडील माझ्याकडे निकालाच्या कागदाची घडी घालून घालून इवलीशी करून आले होते. दबक्या आवाजात म्हणाले, ‘48 म्हणजे काठावर पास ना, बाई?’ मी सांगितलं, 48 टक्के गुण नव्हेत हे. ज्या मोठ्या गटाशी तुलना केली त्यातल्या 48 टक्के मुलांपेक्षा तुमची मुलगी पुढे आहे, म्हणजे अगदी मधोमध. त्यांनी घडी उलगडली. पण तोवर घरी त्या मुलीचे दोन दिवस कसे गेले असतील? कागद त्यांच्या हातात ठेवून मीच मोकळी झाले होते. शिवाय या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. तुझ्या चाचणीवर 50व्या पर्सेंटाइलवरून 60व्यावर जायला चार गुणसुद्धा लागत नाहीत, आणि 90वरून 99वर जायला जवळजवळ 16 लागतात. ‘दहा पर्सेंटाइलने मागे पडला’ असं ज्या दिवशी लिहिशील त्या दिवशी मी तुझ्याशी बोलणं सोडेन.

वर्गाच्या सरासरीचा आलेख काढलास, तो काढून टाक. 22 जणांत एकाचे 22 गुण कमी पडले की सरासरी एकाने खाली येते. त्याला त्या दिवशी ताप असेल. आणि गेल्या वर्षीची चौथी नि यंदाची चौथी यांत एकही मूल सारखं नाही, मग ‘शाळा खाली आली’ कशावरून? फीसवलतीवरच्या मुलांचा वेगळा रकाना पाहून तर मी कपाळाला हात लावला. ती तिघंच आहेत! तिघांची सरासरी छापली की तिघांची घरं छापल्यासारखीच. दहापेक्षा लहान गटाचा आकडा बाहेर द्यायचा नाही, हा नियम मी पुढे मुख्याध्यापक झाल्यावर घातला. व्यवस्थापन हसलं. हसू दे.

पालकांच्या हक्काचं तू तीनदा लिहिलंस, म्हणून एकदाच उत्तर देते. हक्क आहेच. आईवडील हेच पहिले शिक्षक, हे 1965 साली चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरच्या घोषणापत्रात सांगितलं आहे, त्यावर वाद नाही. त्यांना आपल्या मुलाचं सगळं कळलं पाहिजे. गुण, ते किती इकडेतिकडे असू शकतात ती त्रुटीची पट्टी, आणि समोर बसून समजावून सांगणारं माणूस. शेजारच्या मुलाचं मात्र काहीही नाही.

शाळेचा एकंदर निकालही त्यांना दे, वाईट असला तरी. इथे माझंही पाप आहे. एका वर्षी सातवीचं वाचन झकास आलं आणि पाचवीचं गणित पडलं. मी पत्रकात फक्त सातवी छापली. पाचवीच्या पालकांना वाटलं, सगळं ठीक चाललंय. मुलाचं झाकायचं ते उघडं टाकलं आणि शाळेचं उघडायचं ते झाकलं. दोन्ही वेळा सोय माझी होती.

पुढे मी क्रमवार याद्या बंद केल्या, प्रवेशाच्या जाहिरातीतले गुणही काढले. पुढच्या वर्षी प्रवेश कमी झाले आणि ते माझ्या माथी मारलं गेलं. एक सभासद भर बैठकीत म्हणाले, ‘बाई गुणवत्तेला लाजतात.’ त्याच वर्षी जवळच नवी शाळा उघडली होती, हे कुणी बोललं नाही. मी तेव्हा बोलले नाही, म्हणून आता तुला सांगते आहे. तुला त्याचं काय, म्हणा. पण नुकसान झालंच असेल तर तेही मी पुन्हा करेन. निकाल मुलाचा असतो, प्रवेश वाढवायचा फलक नसतो.

तू घाबरली आहेस ते कळतं. नोकरी नवी आहे, व्यवस्थापकांना शुक्रवारी तक्ता हवा आहे. त्यांना तक्ता दे. इयत्तेचा, विषयवार, किती मुलं बसली ते लिहून, चांगलंवाईट दोन्ही, नावाशिवाय आणि नंबराशिवाय. जास्त मागितलं तर विचार, कोणत्या निर्णयासाठी हवंय? विचारताना आवाज चढवू नकोस. मी चढवायची, त्याचा उपयोग झाला नाही. आणि 90च्या खालच्यांना जादा तासाला बसवायचं ठरतंय ना? 89 आत आणि 91 बाहेर, हे एका चाचणीवर ठरू देऊ नकोस. वह्या काढ, वर्गशिक्षिकेला विचार.

तुझ्या तक्त्याची माझी प्रत मी फाडली. फाडण्याआधी मात्र एक ओळ, नावावर हात ठेवून, पुन्हा वाचली. सतरावी. ऐकून समजणे 118, वाचून समजणे 84. अंतर 34 गुणांचं आहे, ते त्रुटीत बसत नाही. तू त्या ओळीपुढे फक्त ‘सतरावा क्रमांक’ लिहिलंस. त्या मुलाचे डोळे कधी तपासलेत? मोठ्याने वाचताना ओळ सुटते का, बोट ठेवावं लागतं का? सोमवारी मधल्या सुट्टीत शेजारी बसून एक पान वाचून घे आणि काय दिसलं ते मला कळव. नाव लिहू नकोस.

तुझी,
बाई