मार्टिन ल्यूथर किंग यांचं ‘शत्रूवर प्रेम करा’ म्हणजे मुकाट्यानं सोसा, असंच ना?

अजिबात नाही. मारणारा माणूस आवडणं कठीणच, हे किंग स्वतःच कबूल करत. त्याचं वाईट चिंतायचं नाही, पण अन्यायाला साथही द्यायची नाही, एवढीच अट. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात बसमध्ये काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवत; त्याविरुद्ध किंग यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कृष्णवर्णीयांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, कामावर पायपीट करत गेले. याला सोसणं म्हणायचं?

बहिष्कार चालू असतानाच, ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. (तारीख बघा, गांधीजी गेले तीच.) आत बायको कोरेटा आणि अडीच महिन्यांची लेक. किंग सभेतून धावत आले, दोघी सुखरूप दिसल्या. अंगणात संतापलेला जमाव, काहींच्या हातात बंदुका. फुटलेल्या ओसरीवर उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हत्यारं घेऊन घरी जा.

बहिष्कार मात्र दुसऱ्या दिवशीही चालूच होता.