गोधडीची मधली ओळ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तीन छायाचित्रे मिळाली. आजीच्या लुगड्यांची गोधडी आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी त्यांच्या हाती द्यायची, असे तू गेल्या दिवाळीत ठरवलेस, आणि आता कार्यक्रम पाच आठवड्यांवर आलेला असताना काम जेमतेम अर्ध्यावर पोहोचले आहे, म्हणून तू धास्तावला आहेस. त्यात सुरुवातीच्या ओळी तुला वाकड्या दिसू लागल्या आहेत आणि त्या उसवून पुन्हा घालाव्यात का, असे तू विचारतोस. मी दोन्ही प्रश्नांची उत्तरे देणार आहे. पण ती वाचताना एक गोष्ट सतत डोळ्यांपुढे ठेव, की ही गोधडी पाहुण्यांनी पाहायची नाही, एका 81 व्या वर्षात असलेल्या माणसाने रोज रात्री पांघरायची आहे. पुढचा प्रत्येक निर्णय त्या अंथरुणाकडे पाहून घे.

आधी हिशेब करू, कारण तुझी निम्मी काळजी चुकीच्या हिशेबातून आली आहे. तुझी गोधडी 120 सेंटिमीटर रुंद आणि 200 सेंटिमीटर लांब आहे आणि दोन ओळींमध्ये तू बोटभर, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर अंतर ठेवले आहेस. या हिशेबाने सगळी गोधडी भरायला सुमारे 120 मीटर धावदोरा लागतो. सेंटिमीटरला एक टाका धरला, तर बारा हजार टाके होतात. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तू कडेपासून सुरुवात करून चौकटीच्या आत चौकट घालत चालला आहेस आणि चारही बाजूंनी 30 सेंटिमीटर आत आला आहेस. मध्यापर्यंतचे अंतर 60 सेंटिमीटर असल्यामुळे तुला काम निम्मे उरल्यासारखे वाटते. परंतु तुझी पहिली चौकट सव्वासहा मीटरांहून लांब होती, आताची चार मीटरांची आहे, आणि यापुढची प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीहून लहानच होत जाणार आहे. उरलेला भाग 60 सेंटिमीटर रुंद आणि 140 सेंटिमीटर लांब आहे. त्याला 42 मीटर शिलाई लागेल, म्हणजे एकूण कामाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडीशीच जास्त. रोज दोन मीटर, म्हणजे सुमारे दोनशे टाके घातलेस, तर तीन आठवड्यांत गोधडी भरून होईल आणि गोट (कडेची पट्टी), धुणे आणि वाळवणे यांसाठी तुला दोन आठवडे मिळतील. ते दोन आठवडे दुसऱ्या कशालाही देऊ नकोस. शेवटचे काम रात्र जागून उरकायचे नसते.

शेवटी चौकट मिटत मिटत बिंदूवर येत नाही, हेही आताच ध्यानात घे. लांबी रुंदीपेक्षा 80 सेंटिमीटरने जास्त असल्यामुळे मध्यभागी तेवढ्याच लांबीची एक उभी ओळ उरते. माझ्या आजोळी त्या ओळीला फार मान होता. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली, की सारवलेल्या अंगणात लुगडी पसरून, कडांना दगड ठेवून, चार-पाच बायका चारही बाजूंनी वाकळ भरायला बसत आणि मधल्या ओळीपाशी पोहोचल्या की माझी आजी हात थांबवून चिमूटभर तांदूळ थरांच्या मध्ये सरकवत असे. वाकळीचे पोट रिकामे राहू नये, एवढेच ती सांगे. तू ते करावेस असा माझा आग्रह नाही. परंतु तुझ्या आजीने तुझ्या गावी असे काही केल्याचे आजोबांना आठवत असेल, तर त्यांना सहज विचारून ठेव.

आता त्या उभ्या ओळीचा धोका. कडेकडून आत येताना प्रत्येक चौकट वरच्या थराचे थोडेसे कापड पुढे ढकलते, आणि ते सगळे कापड मध्याकडे सरकत जाऊन तिथे फुगवटा धरते. तू वीतभर अंतरावर टाचून घेतले होतेस, हे फार चांगले केलेस. पण टाचे ढिले पडतात. म्हणून पुढची ओळ घालण्यापूर्वी गोधडी एकदा जमिनीवर सपाट पसर, तळहाताने मध्यापासून कडेकडे कापड सारत ये, आणि उरलेल्या भागातले टाचे उसवून पुन्हा घाल. फुगवटा आढळला तर तो एका ठिकाणी चुणी घालून दाबू नकोस; जास्तीचे कापड पुढच्या पाच-सहा ओळींमध्ये थोडे थोडे वाटून दे. चुणी पांघरणाऱ्याच्या अंगाला कळते. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ झालेली असते, आणि रात्रभर एकाच कुशीवर निजणाऱ्याला गाठ आणि चुणी या दोन्ही गोष्टी सकाळपर्यंत टोचतात. त्याच कारणासाठी दोऱ्याची गाठ पृष्ठभागावर ठेवू नकोस. सुई ओळीपासून थोडी दूर वरच्या थरातून आत घाल, ओळीवर बाहेर काढ आणि हलका झटका देऊन गाठ थरांच्या मध्ये ओढून घे. दोरा संपताना जागच्या जागी दोन उलटे टाके घालून उरलेले टोक बोटभर आत फिरवून मग काप.

उसवण्याबद्दल. तुझ्या छायाचित्रात पहिल्या सात-आठ ओळी लाटेसारख्या गेलेल्या मला स्पष्ट दिसतात आणि त्यांना हात लावू नकोस, असे मी निक्षून सांगते. त्या ओळी थर धरून ठेवतात, त्यांचा ताण सारखा आहे, आणि पहिल्या दोन धुण्यांनंतर कापड आखडून जी बारीक सुरकुती येते, तिच्यात त्यांचा वाकडेपणा विरून जाईल. मात्र डाव्या कोपऱ्याजवळ, हिरव्या खणाच्या तुकड्यावर, दोरा इतका आवळला गेला आहे की कापड गोळा झाले आहे. तो भाग उसव, कारण धुतल्यावर कापड ओढ घेईल, दोऱ्याला जागा उरणार नाही, आणि तो तिथेच तुटेल. वाकडा टाका आणि आवळलेला टाका यांतला हा फरक मला कोणी वेळेवर शिकवला नाही. भाच्यासाठी शिवायला घेतलेले दुपटे मी ओळ सरळ नाही म्हणून चार वेळा उसवले, आणि ते पूर्ण झाले तेव्हा मूल शाळेत जाऊ लागले होते. ते दुपटे आजही नव्यासारखे घडीत आहे, आणि त्याची घडी पाहिली की मला वाईट वाटते.

इरकली लुगड्याच्या पदराबद्दल तू विचारले आहेस. आजीच्या लुगड्याचे अंग सुती असले, तरी इरकलीचा पदर पुष्कळदा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. सूत धुण्यात आटते, रेशीम तितके आटत नाही, म्हणून दोन्ही शेजारी आले की पदर पुढे फुगतो. तू तो वरच्या थरावर, उशाकडच्या बाजूला लावला आहेस, ते योग्यच आहे, कारण आजोबांना तो डोळ्यांपुढे हवा असणार. एवढेच कर, की त्या पट्ट्यावर ओळींचे अंतर अर्धे करून एक सेंटिमीटरवर आण. तिथे तुझी सुई अडेल. नेढे लहान असलेली बारीक सुई घे, दोऱ्याला मेण लाव आणि अंगुस्तान वापर. दीड हातापेक्षा लांब दोरा ओवू नकोस, कारण लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जाऊन शेवटी शेवटी पिंजतो.

तुझ्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, तो म्हणजे रंगाचा. तांबड्या काठाचे एक लुगडे तू बाहेरच्या चौकटीत वापरले आहेस. पांढरे सुती फडके ओले करून त्या काठावर जोराने घास. फडके पांढरे राहिले तर निश्चिंत राहा. तांबूस झाले तर पहिले धुणे मोठ्या भांड्यात, भरपूर गार पाण्यात, तुझ्या स्वतःच्या हातांनी कर, गोधडी भिजत ठेवू नकोस, पाणी रंगले की बदल, आणि ओली असताना घडी मुळीच घालू नकोस. माझ्या पहिल्या गोधडीत मी वडिलांचे पांढरे धोतर काठाशेजारी लावले होते आणि न तपासता ती रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवली. सकाळी धोतर गुलाबी झाले होते आणि वडिलांच्या धोतराची ती एकमेव आठवण माझ्या उतावळेपणाने गेली. साबणाऐवजी रिठ्याचे पाणी घेतलेस तर अधिक बरे. पिळू नकोस, दोन समांतर दोऱ्यांवर आडवी टाकून सावलीत वाळव, म्हणजे ओल्या सुताचे सगळे ओझे एकाच रेषेवर येणार नाही.

त्याच ओझ्यावरून वजनाकडे येते. नऊवारी लुगडे सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरते आणि त्याची चौपदरी घडी घातली, की दोन मीटरांहून किंचित लांब असे चार थर सहज मिळतात. एका लुगड्यात एका माणसाची वाकळ बसते, ती अशी. तुझ्या गोधडीत असे चार थर, वरचा जोडकामाचा थर आणि खालचे अस्तर, मिळून सहा थर आहेत. आणखी एक जुनी चादर आत घालावी का, असे तू विचारतोस, तर घालू नकोस. थंडीच्या दिवसांत एखादी शाल वरून घेता येते, पण रात्री उठताना थकलेल्या हातांनी जड पांघरूण बाजूला सारता आले नाही, तर माणूस ते पायाशी ढकलून देतो आणि पुढे वापरतच नाही.

गोट लावताना कडा आधी सरळ कापून घे. सगळे थर एका रेषेत आल्याशिवाय पट्टी शिवू नकोस. तुझे कोपरे चौकोनी आहेत, त्यामुळे उभ्या धाग्यावर कापलेली सरळ पट्टी पुरेल. कोपरे गोल केले असतेस तर शिंपी जिला उरेब म्हणतात ती तिरकी पट्टी लागली असती. पट्टी आठ सेंटिमीटर रुंद काप, उभी दुमडून दुहेरी कर, वरच्या बाजूने धावदोऱ्याने शिव आणि मागे वळवून तुरपाई घाल. गोधडी सर्वांत आधी कडेला विरते, म्हणून पट्टी दुहेरीच हवी, आणि ती जुन्या लुगड्याची नको. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी घडी करून लावतात आणि तिला फूल म्हणतात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. ती त्यांची खूण आहे, आपण तिची नक्कल करू नये; पण कोपऱ्याला इतका मान देणाऱ्या बायकांकडून कोपरा नीट दुमडण्याची निष्ठा अवश्य घ्यावी. उशाकडच्या कडेवर मऊ मलमलीची हातभर रुंद पट्टी मोठ्या टाक्यांनी वेगळी टाचून ठेव. तोंडाशी येणारा भाग लवकर मळतो. पट्टी तेवढी काढून धुता आली, की सगळी गोधडी वारंवार पाण्यात घालावी लागणार नाही आणि आजीचा पदर पुष्कळ वर्षे टिकेल.

मागच्या बाजूला, पायथ्याच्या कोपऱ्यात, तीन गोष्टी दोऱ्याने लिही: कोणाच्या लुगड्यांची, कोणी शिवली, कोणत्या वर्षी. तू संकोच करशील, म्हणून आग्रहाने सांगते. आमच्या घरात तीन वाकळी होत्या. त्यांपैकी एकीत जांभळ्या चौकड्यांचे इतके सुरेख काम होते की तसे मला आजही जमणार नाही, आणि ती कोणाच्या हातची हे सांगू शकणारे माणूस मी विचारायला लागेपर्यंत घरात उरले नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात, सत्काराच्या गर्दीत, ती त्यांच्या खांद्यांवर टाकावी असा तुझा बेत आहे. माझे मत वेगळे आहे. आजीचे लुगडे अचानक समोर आले, की आजोबांना काय वाटेल ते चारचौघांत सोसावे लागू नये. पाहुणे गेल्यावर, रात्री, त्यांच्या खाटेवर उशाकडची बाजू उशीकडे करून पसर, आणि ते आत आले की तिथेच थांब. त्यांना कोणते लुगडे कधीचे हे सांगायचे असेल, तर ऐकायला कोणीतरी हवे.

कापताना उरलेले लुगड्यांचे तुकडे फेकले नसशील, अशी आशा आहे. त्यांतले वीतभराचे आठ-दहा तुकडे गोधडीसोबतच धुऊन वाळव, म्हणजे त्यांचा रंग तिच्या रंगाबरोबरच उतरेल, आणि उरलेल्या दोऱ्याच्या रिळासह एका फडक्यात बांधून आजोबांच्या कपाटात ठेव. दोन-तीन वर्षांत खांद्यापाशी कापड विरू लागेल, तेव्हा ठिगळ लावायला तुला तेच लागणार आहेत.

मधल्या ओळीपाशी आलास की कळव.

तुझ्या,
शिवणाच्या बाई